धान्याचा राखणदार डिंकात



पुण्याला गेलो की आम्ही मंडईत डोकावतोच. १८८६ साली गव्हर्नर रे याच्या नावाने उभी राहिलेली ही मंडई आज महात्मा फुल्यांच्या नावाने ओळखली जाते. जिथे माल तिथे उंदीर. म्हणून तिथे उंदरांसाठी चिकट पुठ्ठे विकायला असतात. तेच पुठ्ठे आता आपल्या कणगीपाशी आले आहेत.

पण डिंकाला उंदीर कोण आणि धामण कोण, हे कळत नाही. उंदरामागे धामण येते आणि तीही चिकटते. धामण बिनविषारी. आपल्या ज्वारीवरचे उंदीर ती फुकट खाते. तिलाच मारायचे आणि पुन्हा उंदरांच्या औषधाला पैसे मोजायचे, हा कुठला हिशेब?

साप चिकटलेला दिसला तर ओढू नका, कातडी सोलून निघते. रॉकेल ओतू नका. नाग, घोणस, मण्यार, फुरसे चिकटलेले असले तरी चावतात. पोरांना लांब ठेवा, सापावर ऊन येऊ देऊ नका आणि वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवा. जाणता सर्पमित्र खायचे तेल थोडे थोडे लावून डिंक सैल करतो, नाकातोंडात तेल जाऊ देत नाही.

त्याहून बरे, पुठ्ठा मांडूच नका. बिळे बुजवा, पिंजरा लावा. राखणदाराला मारून धान्य राखले जात नाही.

एवढे सांगून आम्ही थांबतो.