राउटर टेबल थरथरतं कशाने?

सुतारकामात टेबलाखाली उलटा टांगलेला राउटर मिनिटाला 24,000 फेऱ्यांपर्यंत फिरू शकतो, म्हणजे सेकंदाला 400. या वेगात त्यात बसवलेलं कापणारं बिट एका बाजूला किंचित जरी जड असलं, तरी प्रत्येक फेरीला टेबलाला हिसका बसतो. मग कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं की बारीक लाटा हाताला लागतात.

वजनाचा हिशेब सरळ आहे. हिसका तेवढाच, पण टेबल जड असेल तर ते कमी हलतं. म्हणून खालच्या कप्प्यात वाळूची पोती ठेवतात. मात्र चारही पाय जमिनीला नीट टेकलेले हवेत, नाहीतर ते वजन वायाच जातं.

साहित्याची गोष्ट जास्त रंजक आहे. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर टिचकी मारा, ती खणखणते. बिडाचा आवाज बसका येतो, कारण त्यातल्या ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांमुळे कंपनाची ऊर्जा आतल्या आत उष्णता होऊन जिरते. लेथचं अंग बिडाचं ओततात, त्यामागे हेही एक कारण आहे.

एमडीएफही कंपन छान जिरवतं आणि परवडतंही. पण जड राउटर कायम टांगलेला असला की ते मधोमध झुकतं. माझी पसंती विचाराल तर एमडीएफचे दोन थर चिकटवावेत, बाक येऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना सनमायका लावावा आणि खालून लोखंडी अँगलचा आधार द्यावा. आणि मोठ्या व्यासाचं बिट लावलं, तर टेबल कितीही भारी असो, वेग कमी करायचाच!