हवेचे पिस्तूल : कार्बन डायऑक्साइड की दाबाची हवा?



जन्मभर मराठी साहित्य शिकविलेल्या माणसाने हवेच्या पिस्तुलावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटले असेल. परंतु ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते आम्हांला विज्ञान शिकवीत. प्रयोगाचे उत्तर चुकले की रागावण्यापूर्वी ते विचारीत, ‘‘तराजू तपासलास का?’’ ही शिकवण मी विसरलो आणि माझ्या नातीवर अन्याय केला.

आपल्या शेजारच्या महूला सैन्याचे मार्क्समनशिप युनिट आहे. जितू राय यांच्यासारखे नेमबाज तेथून पुढे आले. त्यामुळे आपल्या भागातील मुलांना या खेळाची ओढ आहे. नातीलाही ती लागली, तेव्हा आम्ही तिला कार्बन डायऑक्साइडवर चालणारे एक जुने पिस्तूल घेऊन दिले. इंदूरच्या डिसेंबरातील सकाळी तिच्या गोळ्या खाली लागू लागल्या. चित्त थाऱ्यावर नाही, म्हणून मी तिला बोललो. ती एवढेच म्हणाली, ‘‘आजोबा, हात तोच आहे हो.’’

हात खरोखरच तोच होता. बदलला होता तो वायूचा दाब. नळकांड्यात कार्बन डायऑक्साइड द्रवरूपाने असतो आणि त्याच्या वाफेचा दाब सर्वस्वी तापमानावर ठरतो. १० अंशांना तो सुमारे ४५ बार असतो, २० अंशांना ५७ आणि ३० अंशांना ७२. शिवाय प्रत्येक बाराला थोडा द्रव उकळतो, त्यासाठी लागणारी उष्णता नळकांड्यातूनच घेतो आणि स्वतःला आणखी थंड करतो. भराभर बार काढले की दाब उतरतो. ३१ अंशांच्या वर तर द्रव आणि वायू हा भेदच मावळतो, आणि आपला मे महिना चाळिशी ओलांडतो!

दाबाची हवा या तापमानांत द्रवरूप होत नाही. ती नळकांड्यात २०० बारपर्यंत भरतात. बार काढावेत तसा तिचाही दाब उतरतो. पण मध्ये एक दाबनियंत्रक असतो. तो झडपेकडे नेहमी ठरावीक दाबाचीच हवा सोडतो. नळकांड्यातील दाब त्या मर्यादेच्या खाली जाईपर्यंत पहिल्या आणि साठाव्या गोळीला सारखाच धक्का मिळतो.

एवढ्याशा फरकाने काय होते, असे कोणी विचारील. समजा, गोळीचा वेग सेकंदाला १५० मीटरवरून १४० वर आला. दहा मीटर अंतरात ती सुमारे ३ मिलिमीटर अधिक खाली जाईल. लक्ष्यावरील दहाचे वर्तुळ अवघे साडेअकरा मिलिमीटर व्यासाचे. अंतिम फेरीत दशांश गुण मोजतात आणि एक दशांश म्हणजे मध्यापासून ०·८ मिलिमीटर. म्हणजे हे ३ मिलिमीटर सुमारे चार दशांशांचे झाले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकर यांचे रौप्यपदक एका दशांशाने हुकले आणि त्यांनी कांस्यपदक मिळविले. त्या पातळीवर ०·८ मिलिमीटरची किंमत काय, हे यावरून कळावे.

तरीही कार्बन डायऑक्साइडला मी दोषी ठरविणार नाही. हवेच्या बळावर चालणारी बंदूक अठराव्या शतकात ऑस्ट्रियाच्या सैन्यात होती. कार्बन डायऑक्साइडची शस्त्रे फ्रान्सच्या पॉल जिफार्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणली. लहान नळकांड्यात पुष्कळ बार आणि कमी दाब, हे त्यांचे गुण. या वायूने नेमबाजांना प्रत्येक बारासाठी तरफ ओढण्याच्या श्रमांतून सोडविले. १९९० च्या दशकात दाबाच्या हवेने त्याची जागा घेतली. आणखी एक भेद ध्यानात घ्यावा. हवा किती उरली, हे दाबमापकावर दिसते. कार्बन डायऑक्साइडचा दाब द्रव संपेपर्यंत टिकून राहतो. म्हणून तेथे नळकांडे तोलूनच पाहावे लागते. गुरुजींचा तराजू असा पुन्हा भेटतो!

माजी विद्यार्थी संघ शाळेत नेमबाजीचा वर्ग काढण्याच्या विचारात आहे. माझी विनंती अशी, की पिस्तुले थोडी घ्या, पण दाबाच्या हवेची घ्या. हवा कोरडी भरा. नळकांड्यावरील तारीख वहीत नोंदवा. स्पर्धेच्या नियमांप्रमाणे त्याचे आयुष्य फार तर दहा वर्षे असते. कोणी कार्बन डायऑक्साइडचे पिस्तूल प्रेमाने देऊ केले तर अवश्य घ्या. मात्र त्यावरील गुणांवरून मुलांची निवड करू नका.

त्याच दिवशी दुपारी, ऊन चढल्यावर नातीने पुन्हा नेम धरला. गोळ्या वर सरकून मध्याशी आल्या. मी तिची क्षमा मागितली. ज्याला महागडे साधन परवडते त्याच्या चुका त्याच्या असतात. ज्याला परवडत नाही, त्याच्या माथी साधनाच्याही चुका मारल्या जातात. आपल्या शाळेत तरी असे होऊ नये. गुरुजींना हीच खरी आदरांजली ठरेल.