फोनचा बॅकअप बंद करण्यापूर्वी

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत, तिसऱ्या दिवशी झालेल्या भाषणाचा मजकूर. सभासदांच्या आग्रहावरून छापत आहोत. - संपादक मंडळ)



काल याच मंडपात संतवाङ्मयावर फार सुंदर व्याख्यान झाले. आज माझ्यासारख्या डिप्लोमावाल्याला उभे केले आहे आणि विषय आहे मोबाइल फोन. हा उतार आपण सांभाळून घ्यावा. कार्यवाहांनी मला सांगितले, "साहेब, ज्येष्ठ मंडळी रोज विचारतात, फोनचा बॅकअप बंद कसा करायचा. तुम्ही सिग्नलवाले, तुम्हीच सांगा." कसा बंद करायचा हे सांगायला दोन मिनिटे पुरतात, आणि ते मी सांगणारच आहे. पण बंद करण्यापूर्वी काय करायचे, हे मला नुकसान सोसून कळले. म्हणून आधी ती हकीकत.

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. कराडला पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा केला, २००३ साली रेल्वेत लागलो आणि २०११ पासून इथे खरगपूरला आहे. आमचे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, एसटीत कंडक्टर होते. आयुष्यभर वेबिल लिहिलेला माणूस, त्यामुळे जास्त शब्द खर्च करणे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन होता. व्हॉट्सॲप त्यांनी शेवटपर्यंत घेतले नाही. रोज संध्याकाळी एक एसएमएस यायचा, इंग्रजी अक्षरांत मराठी. "पाऊस आला." "भुईमूग काढला." "आझाद हिंद वेळेवर आहे का." मी सुट्टीवरून परत निघालो की पुण्यापासून खरगपूरपर्यंत तीन-चार मेसेज ठरलेले. जानेवारी २०२० मध्ये अण्णा गेले. २०१६ पासूनचे त्यांचे सगळे मेसेज माझ्या फोनमध्ये होते. २०१९ साली मी फोन बदलला तेव्हा ते बॅकअपमधून नव्या फोनमध्ये आपोआप आले होते. आपोआप आले म्हणून मला त्याचे कौतुकही वाटले नाही.

पुढे २०२१ मध्ये आईला स्मार्टफोन घेतला. तिच्या नावाचे खाते उघडायचा मी कंटाळा केला आणि माझेच गूगल खाते त्यात घातले. फोनने विचारले, जुन्या फोनवरचे सगळे आणायचे का? मी हो म्हटले. झाले! माझ्या फोनमधली सगळी नावे आईच्या फोनमध्ये जाऊन बसली. एका रात्री साडेनऊला आईने कमल मावशीला फोन लावायला म्हणून 'क' वर बोट ठेवले आणि फोन लागला आमच्या कंट्रोलला. आई विचारते, "गुडघा कसा आहे?" ड्यूटीवरचा माणूस ओडिया. त्याने 'गुडघा'मधले 'गुड' तेवढे ऐकले आणि मला फोन करून विचारले, कुठली गुड्स गाडी अडकली आहे?

इथपर्यंत हसण्यावारी गेले. मग आईने "ही कोण माणसं माझ्या फोनात" म्हणून एका दुपारी ओळीने नावे पुसायला घेतली. सकाळी पाहतो तर माझ्याही फोनमधली साठ-सत्तर नावे गायब. गूगल कॉन्टॅक्ट्सच्या कचरापेटीत पुसलेली नावे ३० दिवस राहतात, तिथून ती परत मिळाली. पण मी वैतागलो. त्यातच खात्याची १५ जीबीची फुकट जागा संपत आल्याचे निरोप रोज येत होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये एका रात्री मी सेटिंग्जमध्ये गेलो आणि दोन्ही फोनचा बॅकअप बंद करून टाकला. फोनने एक सूचना दाखवली. ती न वाचता मी ओके दाबले.

मंडळी, मी सिग्नल खात्यातला माणूस. आमच्याकडे चालू पॉइंट मशीनला किंवा ट्रॅक सर्किटला हात लावण्यापूर्वी डिस्कनेक्शन मेमो द्यावा लागतो. टी/३५१ नावाचा फॉर्म. काय तोडणार, त्याचा परिणाम कशावर होणार, किती वेळ, हे सगळे लिहून स्टेशन मास्तरांना द्यायचे. त्यांची सही झाल्याशिवाय तार सोडवायची नाही. काम चालू असताना गाड्या कशा न्यायच्या ते आधी ठरते. गरज असेल तर पॉइंट क्लॅम्प करून कुलूप लावतात. काम संपले की तपासणी करायची आणि रिकनेक्शन द्यायचे. पोरांना हे शिकवता शिकवता माझा घसा बसतो. आणि घरी मी एका बोटाने, न वाचता, तार तोडली.

परिणाम काय झाला? ज्या त्रासासाठी बंद केले तो त्रास तसाच राहिला. आईच्या फोनमध्ये माझी नावे येतच राहिली, कारण नावे बॅकअपमधून येत नव्हती. ती खात्याच्या सिंकमधून येत होती आणि सिंकचे बटण वेगळे असते. जागाही मोकळी झाली नाही. जागा खाल्ली होती फोटो-व्हिडिओंनी आणि जुन्या ईमेलने. एसएमएसचा मजकूर जागा खातो तो अगदी चिमूटभर. खरा उपाय होता आईला तिचे स्वतःचे खाते उघडून देणे. अर्ध्या तासाचे काम, ते मी नंतर केले.

जुलै २०२३ मध्ये, इथला पाऊस आपल्याला माहीतच आहे, रात्री एका लोकेशन बॉक्सपाशी काम करताना फोन खिशातून निसटून पाण्याने भरलेल्या नाल्यात पडला. काढला, वाळवला, तांदळात ठेवला. तो पुन्हा सुरू झाला नाही. नवा फोन घेतला, खाते घातले. फोटो आले, कारण त्यांचा बॅकअप वेगळा चालू होता. नावे आली. मेसेजची पेटी उघडली तर आत फक्त बँक आणि सिम कंपनी. अण्णा नव्हते.

दोष कोणाचाच नाही, माझा आहे. फोनने विचारले होते. म्हणून आज आपल्यापुढे मी बॅकअप बंद करण्याचा मेमो ठेवतो. त्यात पाच रकाने आहेत.

पहिला रकाना: मी नेमके काय तोडतो आहे? 'बॅकअप' हा एकच शब्द आपण चार गोष्टींसाठी वापरतो. एक, फोनचा बॅकअप. यात ॲपची माहिती, एसएमएस, कॉलची यादी आणि सेटिंग्ज येतात. दोन, नावे आणि कॅलेंडर यांचे सिंक. तीन, फोटो. चार, व्हॉट्सॲपचा स्वतःचा बॅकअप. चारही गोष्टींची बटणे वेगवेगळी आहेत. एक बंद केल्याने दुसरे बंद होत नाही. शिवाय काही कंपन्यांच्या फोनमध्ये त्या कंपनीचा आणखी एक बॅकअप असतो, तोही पाहावा.

दुसरा रकाना: काय पुसले जाणार? अँड्रॉइड फोनचा बॅकअप बंद केला की पुढची साठवण थांबते आणि आधी साठवलेली प्रतही पुसली जाते. फोटोंचे तसे नाही. त्यांचा बॅकअप बंद केला तरी आधी चढलेले फोटो खात्यात राहतात. आयफोनवाल्यांचा नियम वेगळा आहे. आयक्लाउड बॅकअप बंद केल्यावर शेवटची प्रत १८० दिवस ठेवतात, मग ती जाते.

इथे एक गोष्ट कान देऊन ऐकावी. अँड्रॉइड फोन ५७ दिवस वापरला नाही, तरीही त्याचा बॅकअप पुसला जातो. घरातले कोणी गेले की आपण त्यांचा फोन बंद करून कपाटात ठेवतो. वर्षश्राद्धाला बाहेर काढू म्हणतो. तोवर फोन बिघडला तर पाठीशी काही उरलेले नसते. शिवाय अँड्रॉइड ९ पासून, म्हणजे २०१८ पासून, हा बॅकअप फोनच्या स्क्रीन लॉकने कुलूपबंद होतो. तो परत आणताना जुन्या फोनचा पिन किंवा पॅटर्न लागतो. तो एकट्या आजोबांनाच ठाऊक असेल, तर किल्ली त्यांच्याबरोबरच गेली म्हणायची. तेव्हा दिवसकार्य आटोपले की पहिल्या पंधरवड्यातच कोणीतरी तो फोन उघडून त्यातले हवे ते उतरवून घ्यावे.

तिसरा रकाना: पर्यायी व्यवस्था काय? फोटो कॉम्प्युटरवर किंवा पेन ड्राइव्हवर काढावेत आणि ते उघडून पाहावेत. कॉपी केली म्हणजे उघडतेच असे नाही. व्हॉट्सॲपवरच्या एखाद्या माणसाशी झालेले बोलणे 'एक्सपोर्ट चॅट' करून फाइलमध्ये घेता येते. एसएमएस थोडे असतील तर सरळ त्यांचे स्क्रीनशॉट काढावेत.

चौथा रकाना: सही कोणाची? फोन ऑफिसचा असेल तर ऑफिसला विचारावे. घरातल्या दुसऱ्या कोणाचा असेल तर त्याला बसवून सांगावे. आईच्या फोनचा बॅकअप मी तिला न विचारता बंद केला होता. तिच्या फोनमध्ये काय जपण्यासारखे आहे, ते तिला ठाऊक होते, मला नव्हते.

पाचवा रकाना: रिकनेक्शन. बंद कायमचे करायचे की काही दिवस? काही दिवस असेल तर परत चालू करण्याची तारीख लिहावी आणि त्या दिवशी तपासावे. बॅकअपच्या पानावर शेवटचा बॅकअप कधी झाला ते दिसते. आपोआप होणारा बॅकअप साधारणपणे फोन चार्जिंगला, वायफायवर आणि रिकामा पडलेला असताना होतो. ज्याच्या घरी वायफाय नाही त्याचे बटण चालू असले तरी बॅकअप कित्येक दिवसांचा जुना असू शकतो. अशांनी त्या पानावरचे 'बॅकअप नाऊ' दाबावे.

आता कार्यवाहांचा मूळ प्रश्न. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, मग गूगल, मग बॅकअप. नव्या फोनमध्ये मध्ये 'ऑल सर्व्हिसेस' असे पान येते. सापडले नाही तर सेटिंग्जच्या वर शोधायच्या जागी 'बॅकअप' लिहावे. तिथले बटण बंद केले की झाले. आयफोनमध्ये सेटिंग्ज, वर आपले नाव, आयक्लाउड, आयक्लाउड बॅकअप. काही अँड्रॉइड फोनमध्ये 'ऑटोमॅटिक रिस्टोअर' असे वेगळे बटण असते. ॲप काढून पुन्हा टाकले की त्याची जुनी माहिती परत येते, ती त्या बटणामुळे. नको असेल तर तेवढेच बंद करावे. आणि नवा फोन सुरू करताना 'जुने आणायचे का' असे विचारतो, तिथे 'नको' म्हणता येते. मी तिथे नको म्हटले असते तर माझे मेसेज आणि कॉलची यादी तरी आईच्या फोनमध्ये गेली नसती.

बंद करण्याची योग्य कारणेही आहेत, ती नाकारू नयेत. फोनमध्ये दुसऱ्याचे खाते असेल, मुलांचा सामायिक टॅब असेल, ऑफिसची माहिती घरच्या खात्यात जाऊ नये असे असेल, किंवा आपली माहिती कोणाच्या सर्व्हरवर नकोच असे मनापासून वाटत असेल, तर जरूर बंद करावे. तो आपला हक्क आहे. मात्र फोन कोणाला देण्यासाठी बॅकअप बंद करणे पुरेसे नाही. आतले सगळे तसेच राहते. त्यासाठी आपले खाते काढून फॅक्टरी रीसेट करावे लागते, आणि ते करण्यापूर्वी हाच मेमो पुन्हा भरावा लागतो.

शेवट सांगतो आणि बसतो. २०२३ च्या दिवाळीत गावी गेलो होतो. आईने कपाटातून अण्णांचा बटणांचा फोन काढला. बॅटरी फुगली होती. कराडच्या बाजारात एका दुकानात तशीच दुसरी मिळाली. फोन सुरू झाला. माझ्याकडे आलेले मेसेज माझ्या फोनबरोबर गेले होते, पण त्यांनी पाठवलेल्यांपैकी शेवटचे ३८ त्यांच्या फोनमध्ये होते. आई आणि मी ओसरीवर बसून ते एका वहीत उतरवून घेतले. मी वाचत होतो, ती लिहीत होती. काही ठिकाणी ती म्हणायची, "थांब, त्या दिवशी काय झालं होतं माहीत आहे का?" आणि ते ती समासात लिहायची. शेवटचा मेसेज होता, "गॅस आला. काळजी नको."

आधीची चार वर्षे गेली ती गेलीच. ३८ मेसेजची वही माझ्याकडे आहे, तिची झेरॉक्स आईकडे आहे आणि फोटो बहिणीकडे आहेत.

आज घरी गेल्यावर कोणी बॅकअप बंद करणार असेल तर त्याने आधी अर्धा कागद घ्यावा, पाच ओळी लिहाव्यात, आणि फोन जे विचारतो ते वाचून मगच ओके दाबावे.

 आरतीची वेळ झाली आहे, म्हणून इथेच थांबतो.

गणपती बाप्पा मोरया!