सव्वाचार गुंठे आणि एक तास

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळकरी मुलामुलींचे खेळ, त्यांचे छंद आणि त्यांचे घर हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. शेतमालाचे भाव, रोजगार, सहकार अशा विषयांच्या मध्येच हा विषय आलेला पाहून तुमच्यापैकी काहींना तो जेवणानंतरचा विरंगुळा वाटला असेल. ज्या देशात पोटाचा प्रश्न पुरता सुटलेला नाही तेथे खेळाची चर्चा ही चैन आहे, असे म्हणण्याची आपल्याकडे रीतच आहे. ती रीत मला मान्य नाही, आणि का मान्य नाही हे अर्थशास्त्राच्या भाषेत सांगण्याचा मी प्रयत्न करणार आहे.

कामगार चळवळीने आरंभापासून दोन मागण्या बरोबरीने केल्या. एक मजुरीची आणि दुसरी वेळेची. आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास स्वतःचे, हा विचार रॉबर्ट ओवेनने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडला. आपल्याकडे महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी साप्ताहिक सुटीचा लढा दिला आणि १० जून १८९० रोजी ती रविवारची सुटी पदरात पडली. त्या लढ्यामागे पोट भरलेले लोक नव्हते. अर्धपोटी कामगारांनीच तो दिला. फुरसत ही श्रीमंताला आपोआप मिळते आणि गरिबाला भांडून घ्यावी लागते, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते. मोठ्या माणसांच्या बाबतीत हे आपण मान्य केले. मुलांच्या बाबतीत मात्र आपण असे धरून चालतो की मूल म्हटले की त्याला खेळायला वेळ असतोच.

तो खरोखर असतो का? एक साधे अंदाजपत्रक मांडू. एकाच घरातील आठवीतील बहीण आणि नववीतील भाऊ घ्या. आकडे उदाहरणादाखल आहेत; तुम्ही आपापल्या गावातले घालून पाहावेत. झोप आठ तास, शाळा सहा तास, शाळेला जाणे-येणे दीड तास, स्नान-जेवण दीड तास, अभ्यास दोन तास. हे झाले एकोणीस. उरले पाच. भाऊ जनावरांना वैरण टाकतो, दुकानातून सामान आणतो, त्यात एक तास जातो. त्याच्या हाती चार तास राहतात. बहीण पाणी भरते, झाडलोट करते, भांडी घासते, धाकट्याला सांभाळते, भाकरीला हातभार लावते. त्यात चार तास सरतात. तिच्यापाशी एक तास राहतो, आणि तोही सलग नसतो. दहा मिनिटे इथे, पंधरा मिनिटे तिथे, आणि शेवटचा तुकडा दिवेलागणीनंतर, जेव्हा तिला अंगणाबाहेर पाऊल टाकण्याची मुभा नसते.

हे चित्र केवळ कल्पनेतले नाही. केंद्र सरकारच्या २०२४ सालच्या वेळ-वापर पाहणीनुसार, सहा वर्षांवरील ज्या स्त्रिया घरातील बिनमोबदल्याचे काम करतात त्यांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात. असे काम करणाऱ्या पुरुषांची ८८ मिनिटे जातात. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ असे होते. पाच वर्षांत दोघांचीही मिनिटे थोडी घटली, पण दोघांमधील अंतर जवळजवळ जसेच्या तसे राहिले. आई या कामात बुडालेली असते तेव्हा तिची पहिली मदतनीस मुलगीच असते. म्हणून आईबापांना दोष देऊन भागणार नाही. ज्या घरी नळ नाही तेथे पाणी कोणीतरी आणणारच. नळ आला, स्वयंपाकाचा गॅस परवडला, गावात पाळणाघर चालू राहिले, की मुलीचा तास मोकळा होतो. पाणीपुरवठ्याच्या मागणीत मुलीच्या खेळाची मागणी दडलेली आहे, ती अशी. परंतु एवढ्यानेच सारे होईल असेही नाही. भांडी घासण्याचे काम भावाने का करू नये, हा प्रश्न कोणत्याही नळाने सुटत नाही. तो आपल्या स्वतःच्या घरात, आपण स्वतः विचारायचा आहे.

शहरातील मध्यमवर्गीय मुलाचे दुखणे वेगळ्या जातीचे आहे. त्याचे चार तास घरकामात जात नाहीत, ते शिकवणीच्या वर्गात जातात. बाप कर्ज काढून वर्गाची फी भरतो, आणि मग खेळात गेलेला प्रत्येक तास त्याला बुडालेल्या पैशासारखा दिसू लागतो. छंदांचीही तीच गत झाली आहे. शासकीय रेखाकला परीक्षा दिली, खेळात नैपुण्य दाखवले, तर दहावीला वाढीव गुण मिळतात. कलेला आणि खेळाला शाळेत मान मिळावा हा त्यामागचा हेतू चांगलाच आहे. पण जो छंद गुणपत्रिकेवर चढत नाही त्याचे काय? पक्षी पाहणारा, पेटीवर सूर काढत बसणारा, मोडके घड्याळ उघडून पाहणारा मुलगा ‘वेळ वाया घालवतो’ असे घरोघरी म्हटले जाते. बाजाराने माणसाच्या वेळेला भाव लावला की ज्याला भाव नाही ते निरुपयोगी ठरते. हा रोग गिरणीतून घरात आला आणि घरातून मुलाच्या दप्तरात शिरला.

आता जागेविषयी. खो-खो हा आपल्या मातीतला खेळ. त्याला दोन खांब आणि चुन्याच्या रेघा एवढेच भांडवल लागते. त्याचे मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असते. गुणाकार केला तर ४३२ चौरस मीटर, म्हणजे सुमारे सव्वाचार गुंठे. कबड्डीला तर त्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी जागा पुरते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी ती जिंकली. महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे ही महाराष्ट्राची खेळाडू. आपण सत्कार केले, ते योग्यच केले. पण सत्काराच्या व्यासपीठावरून कोणी विचारले काय, की आपल्या तालुक्यातील किती शाळांना हे सव्वाचार गुंठे आहेत?

कायद्याने ते असलेच पाहिजेत. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात क्रीडांगण, खेळाचे साहित्य आणि ग्रंथालय यांचा स्पष्ट उल्लेख आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अर्धवेळ शिक्षक द्यावेत, असेही त्यात म्हटले आहे. त्याहीआधी, १९८९ च्या बालहक्क संहितेच्या ३१ व्या कलमाने विश्रांती, फुरसत आणि खेळ हा मुलाचा हक्क ठरविला, आणि ती संहिता भारताने डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारली. हक्क कागदावर आहेत. ते बजावून घेणारे हात कमी पडतात.

जागा हातची कशी जाते याचा धडा मुंबईच्या गिरणगावाने दिला आहे. लालबाग-परळच्या चाळींतून आणि व्यायामशाळांतून कबड्डी वाढली, ती कामगारांच्या मुलांनी वाढविली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि सुमारे सहाशे एकर जमिनीचा प्रश्न उभा राहिला. १९९१ च्या नियमावलीत या जमिनीची तीन भागांत वाटणी होती: एक भाग मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक घरबांधणीसाठी, एक मालकाला. २००१ साली नियम बदलला आणि ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरती उरली. गिरणीची इमारत जेथे उभी होती ती जमीन तीतून वगळली गेली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा बदल वैध ठरविला. एका ओळीच्या दुरुस्तीने किती मैदाने गेली, याचा हिशेब मांडणे अवघड नाही. आज तेथे उंच मनोरे आहेत. खेळाच्या सोयी मनोऱ्यांच्या आत आहेत आणि आत जायला चिठ्ठी लागते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. ज्याच्यात गुण असतो तो कसाही वर येतो, असे म्हणतात आणि खाशाबा जाधवांचे उदाहरण देतात. ते उदाहरण नीट पाहावे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा १९५२ साली हेलसिंकीला गेले आणि कुस्तीत कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण तेथवर जाण्याचा खर्च कोणी केला? गावकऱ्यांनी वर्गणी काढली, शिक्षणक्षेत्रातील हितचिंतकांनी पदरमोड केली. म्हणजे ज्याला आपण एकट्याचे कर्तृत्व म्हणतो त्याच्या पायाशी गावाची सामुदायिक बचत होती. शिवाय पदक हे शिखर आहे. आपला प्रश्न पायथ्याचा आहे. अकरा ते सतरा वयोगटातील मुलांनी रोज किमान एक तास अंगमेहनतीचा खेळ वा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अभ्यासानुसार जगातील ८१ टक्के मुलांना तेवढा व्यायाम घडत नव्हता. मुलींत हे प्रमाण ८५ टक्के होते. त्या एका तासावर गरिबाच्या मुलीचा हक्क आहे की नाही, एवढेच मला विचारायचे आहे.

मग कार्यकर्त्यांनी काय करावे? भाषणांपेक्षा मोजणी करावी. आपल्या गावातील शाळेच्या क्रीडांगणाचा सातबारा पाहावा. ते शाळेच्या नावावर आहे की नाही, त्यावर कोणाचे गोदाम, कोणाचा मंडप उभा आहे, हे लिहून काढावे. आठवड्यात खेळाच्या तासिका किती, त्यांपैकी परीक्षेच्या तोंडावर गणिताला किती दिल्या जातात, हे मुलांनाच विचारावे; ती खरे सांगतात. शेवटची एस. टी. किती वाजता सुटते तेही पाहावे. अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेतून मुलींना शाळेचा प्रवास मोफत आहे; परंतु शाळा सुटताच गाडी निघत असेल तर संध्याकाळचा सराव फक्त गावातल्या मुलांचा होतो आणि वाडीवरची मुलगी संघातून आपोआप गळते. गाडी तासभर उशिरा सोडावी, ही मागणी आगारात नेण्यासारखी आहे. तिला फारसा पैसाही लागत नाही.

ही माहिती प्रत्येकाने एका शाळेपुरती जरी गोळा केली तरी तालुक्याचे चित्र हाती येईल. त्यानंतर निवेदन द्यायचे की मोर्चा काढायचा, हे ठरविणे तुमचे काम आहे. पुढच्या अभ्यासवर्गाला येताना आपापल्या शाळेचे आकडे घेऊन यावे, आणि त्या मोजणीत आठवी-नववीतील दोन मुली तरी बरोबर घ्याव्यात, एवढी विनंती करून मी थांबतो.