ज्ञानकोशाच्या चावडीवर

(तालुक्याच्या गावी भरलेल्या तरुण-तरुणींच्या अभ्यासवर्गापुढे एका वकील बंधूंनी केलेले भाषण)



वकिलाला भाषणास बोलाविले की तो कायद्याविषयी बोलणार, अशी आपली अपेक्षा असेल. मी आज कायद्याविषयीच बोलणार आहे. मात्र हा कायदा कोणत्याही विधिमंडळाने केलेला नाही, त्याच्या पाठीशी पोलीस नाहीत आणि त्याच्या न्यायासनापुढे वकीलपत्र चालत नाही. विकिपीडिया नावाचा जो ज्ञानकोश आपली मुले रोज मोबाइलवर उघडून वाचतात, त्याच्या लेखकांनी आपापसांतील भांडणे मिटविण्यासाठी जे नियम स्वतःवर घालून घेतले आहेत, ते आपणांपुढे मांडावेत एवढाच माझा हेतू आहे.

या विषयाचा आपल्या घरांशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध निकटचा आहे. आपल्या गावांविषयी, आपल्या पूर्वजांविषयी आणि आपल्या चळवळीविषयी जगाने काय वाचावे, हे पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांनी ठरविले, कारण लेखणी त्यांच्या हाती होती. या ज्ञानकोशात लेखणी कोणालाही उचलता येते. परंतु लेखणी उचलल्यावर मतभेद झाला तर कसे वागावे हे ज्याला ठाऊक नाही, तो दोन दिवसांत बाहेर पडतो आणि ‘तेथेही आपल्याला कोणी उभे करीत नाही’ असे म्हणत घरी बसतो. मी स्वतः असाच एकदा बाहेर पडलो होतो. ती हकीकत पुढे सांगेन.

प्रथम या संस्थेची घडण पाहू. केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश किंवा मराठी विश्वकोश यांत संपादकमंडळ असते आणि अखेरचा शब्द प्रमुख संपादकाचा असतो. जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनीही २००० साली ‘न्यूपीडिया’ नावाचा कोश असाच तज्ज्ञांकडून तपासून घेण्याच्या पद्धतीने सुरू केला. तपासणीच्या पायऱ्या इतक्या होत्या की फारच थोडे लेख पुरे झाले. तेव्हा १५ जानेवारी २००१ रोजी त्यांनी दुसरा मार्ग धरला : कोणीही लिहावे, कोणीही दुरुस्त करावे. हाच विकिपीडिया होय. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजी झाला. येथे पगारी संपादक नाहीत. लिहिणारे बहुतेक सारे स्वयंसेवक आहेत.

आता, जेथे कोणीही लिहू शकतो तेथे कोणीही खोडूही शकतो. म्हणून प्रत्येक लेखाच्या मागे दोन पाने ठेविलेली आहेत. एक इतिहासाचे : कोणी, केव्हा, काय बदलले याची तेथे नोंद राहते आणि खोडलेला मजकूरही सहसा तेथे वाचता येतो. दुसरे चर्चेचे : लेखात काय असावे याविषयीचा वाद तेथे उघडपणे लिहून करावयाचा. मी कोर्टात काम करणारा माणूस आहे. ज्या व्यवहाराची नोंद राहते आणि ज्या वादाचे कामकाज सर्वांसमोर चालते, तेथे दुबळ्याला निदान उभे राहण्यापुरती जागा मिळते, हा माझा अनुभव आहे.

आता माझी हकीकत. माझ्या आजोळच्या गावी सार्वजनिक विहिरीवर आमच्या लोकांनी पहिल्यांदा पाणी भरले, तो प्रसंग माझे आजोबा आम्हांला नेहमी सांगत. इंग्रजी विकिपीडियावर त्या गावाचा लेख मला दिसला. त्यात देवळाची माहिती होती, जत्रेची होती, विहिरीची नव्हती. मी रात्री बसून आठ-दहा वाक्ये लिहिली. सकाळी पाहतो तो ती काढून टाकलेली, आणि शेजारी कारण एकच : ‘संदर्भ नाही.’ माझे रक्त तापले. हा कोण लागून गेला माझ्या आजोबांना खोटे ठरविणारा? खोडणाऱ्याच्या मनात काय आहे हे मी आडनाव न पाहताच ठरवून टाकले. मी मजकूर परत घातला. त्याने परत काढला. असे चौथ्यांदा झाले, आणि एका दिवसापुरती माझ्यावर संपादनबंदी आली.

तेथील नियम असा आहे की एकाच लेखात चोवीस तासांत तीनपेक्षा अधिक वेळा दुसऱ्याचे काम उलटवावयाचे नाही. हा नियम २००४ साली आला. त्यात बरोबर कोण आणि चूक कोण हे पाहिले जात नाही, हे ध्यानात ठेवा. ज्याची बाजू खरी आहे त्यालाही चौथ्यांदा उलटविण्याचा अधिकार नाही. वकील असूनही मला तो ठाऊक नव्हता; आणि कायद्याचे अज्ञान ही सबब होत नाही, हे मीच आजवर पक्षकारांना सांगत आलो होतो.

बंदी संपल्यावर मी चर्चेच्या पानावर गेलो. तेथे त्या गृहस्थाने आदल्याच दिवशी मजकडे प्रश्न लिहून ठेविला होता : ‘हे छापील स्वरूपात कोठे आले आहे काय? आले असल्यास लेखात असलेच पाहिजे.’ मी तो वाचला नव्हता, कारण मी भांडण्यात गुंतलो होतो. मग दोन रविवार मी जिल्ह्याच्या ग्रंथालयात जुन्या वर्तमानपत्रांच्या फाइली चाळल्या. सहा ओळींची बातमी सापडली. प्रसंग खरा होता. परंतु आजोबा सांगत त्या वर्षापेक्षा दोन वर्षे उशिराचा होता. मी तारीख, अंक आणि पान देऊन तीन वाक्ये लिहिली. त्याच गृहस्थाने माझे इंग्रजी नीट केले, आणि ती वाक्ये अद्याप तेथे आहेत. तो कोण, कोणत्या जातीचा, हे मला आजतागायत ठाऊक नाही, आणि जाणून घेण्याचे कारणही उरलेले नाही.

या ज्ञानकोशाचा पाया तीन नियमांवर आहे. लेखात कोणाचीही बाजू घ्यावयाची नाही. प्रत्येक बाजूला छापील विश्वसनीय साधनांत जितके वजन आहे तितकेच वजन द्यावयाचे. जे पडताळून पाहता येईल तेच लिहावयाचे. स्वतःचा नवा शोध वा नवा निष्कर्ष तेथे मांडावयाचा नाही. आपल्यापैकी कोणाला हे जाचक वाटेल. परंतु महाडच्या चवदार तळ्याचा खटला आठवा. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी यशस्वी झाले ते कशामुळे? अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची रूढी अनादि काळापासून चालत आली आहे, हे वादींना पुराव्याने सिद्ध करता आले नाही, यामुळे. जो पुरावा मागतो तो आपला शत्रूच असतो असे नाही. पुष्कळदा पुरावा मागणे हेच आपले शस्त्र असते.

मतभेद मिटविण्याच्या पायऱ्या इंग्रजी विकिपीडियावर अशा आहेत. पहिली पायरी चर्चेचे पान. वाद दोघांतच असेल आणि बोलून मिटत नसेल, तर त्रयस्थ संपादकाचे मत मागता येते. तेवढ्याने भागले नाही तर सर्व संपादकांना जाहीर निमंत्रण देऊन मते मागवितात. ही चर्चा साधारणतः तीस दिवस चालते आणि वादात नसलेला एखादा अनुभवी संपादक तिचा निष्कर्ष लिहितो. येथे हात मोजीत नाहीत. दहा जणांनी नुसते ‘मान्य’ म्हटले आणि दोघांनी आधारासह कारण दिले, तर त्या दोघांचे वजन अधिक पडू शकते. शेवटची पायरी लवाद समिती. ती २००४ च्या आरंभी काम करू लागली आणि तिचे सभासद संपादकांनीच निवडलेले असतात. ती लेखात काय लिहावे याचा निवाडा करीत नाही. माणसे कशी वागली एवढ्याचाच करते. मजकुराचे सत्य कोणत्याही समितीच्या हुकमाने ठरू नये, ते संपादकांच्या चर्चेतूनच ठरावे, हे तिचे तत्त्व मला वकील म्हणून फार विचार करावयास लावते.

ही व्यवस्था सदैव सुरळीत चालते असे मी म्हणणार नाही. दह्याच्या लेखाचे इंग्रजी शीर्षक ‘एच’ अक्षर घालून लिहावे की वगळून, यावर तेथे २००३ पासून २०११ पर्यंत वाद चालला. आठ वर्षांत दुधाची किती दही झाली असतील! आपण हसलात, पण दुसरे उदाहरण हसण्यासारखे नाही. बाल्टिक समुद्राकाठच्या एका शहराला पोलिश लोक ग्दान्स्क म्हणतात आणि जर्मन लोक डांत्सिग म्हणत. दुसऱ्या महायुद्धाचा पहिला तोफगोळा तेथे सुटला. त्या शहराचे नाव काय लिहावे यावर पोलिश आणि जर्मन पक्षाचे संपादक दीर्घकाळ एकमेकांचे लिखाण खोडीत राहिले. अखेर २००५ साली मतदान घेऊन काळाची वाटणी झाली : १३०८ पूर्वीच्या इतिहासात ग्दान्स्क, १३०८ पासून १९४५ पर्यंत डांत्सिग, त्यानंतर पुन्हा ग्दान्स्क; आणि जेथे एक नाव येईल तेथे दुसरेही एकदा नोंदावयाचे. कोणत्याही पक्षाला सर्व काही मिळाले नाही. परंतु त्या तडजोडीमुळे वाचकाला त्या शहराचा इतिहास अधिक खरा कळतो. दोन्ही नावे खरी होती, आपापल्या काळी.

आता आपल्या देशाकडे वळू. जातींविषयीच्या लेखांत आपल्या जातीला वरचा वर्ण जोडावा, दुसरीला खाली ढकलावे, असा उद्योग इतका वाढला की २०१२ साली इंग्रजी विकिपीडियाच्या संपादकांनी दक्षिण आशियातील जाती व सामाजिक गटांविषयीच्या लेखांपुरते विशेष कडक निर्बंध घातले. तेव्हा तेथे सर्वच मतभेद निष्पाप असतात असे समजू नका. पूर्वग्रह तेथेही आहे. परंतु तेथील शिस्त अशी की आरंभी समोरच्याचा हेतू चांगला आहे असे धरून चालावे, आणि त्याच्या कृतीवरून वेगळे दिसले तर त्या कृतीची तारीखवार नोंद दाखवून दाद मागावी. हेतूविषयीचा संशय पुराव्यात धरला जात नाही. कृतीची नोंद धरली जाते. आपण रागाने लिहिलेला एक अपशब्द समोरच्याच्या दहा अन्यायांवर पांघरूण घालतो, हे कोर्टात मी अनेकदा पाहिले आहे. तेथेही तसेच घडते.

म्हणून तरुण मित्रांना माझे सांगणे असे. मजकूर खोडला गेला तर तो पुन्हा घालण्यापूर्वी चर्चेच्या पानावर कारण विचारा. माणसाविषयी बोलू नका, वाक्याविषयी बोला. ओळखीच्या लोकांना निरोप धाडून त्यांची फौज चर्चेत उतरवू नका आणि एकाच माणसाने दोन नावांनी मत देऊ नका. दोन्ही गोष्टी तेथे निषिद्ध आहेत आणि उघडकीस आल्यावर खरी बाजूही लटकी दिसू लागते. समोरच्याचे म्हणणे बरोबर निघाले तर तसे लिहून द्या. मी ते वर्ष दुरुस्त केले तेव्हा आजोबांचा अपमान झाला असे मला वाटले नाही. त्यांची गोष्ट कोणालाही मोडता येणार नाही इतकी पक्की झाली, असे वाटले.

एक दुःख मात्र आहे, ते लपवीत नाही. त्या सहा ओळींच्या बातमीत माझ्या आजोबांचे नाव नाही. म्हणून ते लेखातही नाही. ज्यांच्याविषयी कोणी छापले नाही, त्यांना छापील पुराव्याचा नियम पुन्हा एकदा वगळतो. ही उणीव त्या व्यवस्थेतील काही जाणत्यांनाही जाणवलेली आहे. २०११ साली अचल प्रभला यांच्या पुढाकाराने हिंदी, मल्याळम आणि दक्षिण आफ्रिकेतील सेपेडी या भाषांत, लोकांच्या ध्वनिमुद्रित मुलाखती संदर्भ म्हणून वापरून पाहण्याचा प्रयोग झाला. तो सर्वमान्य नियम बनलेला नाही. तोपर्यंत काय करावयाचे? जुने अंक शोधावयाचे. १९२० चा ‘मूकनायक’, १९२७ चा ‘बहिष्कृत भारत’, १९३० चा ‘जनता’ यांच्या पानांत आपल्या कितीतरी गावांची नावे दडलेली आहेत. आणि जे छापले गेले नाही, ते आज म्हाताऱ्या माणसांना विचारून, तारखा ताडून, लिहून घ्यावयाचे आणि जबाबदार संपादकाच्या नियतकालिकात छापावयाचे. आज छापलेले पान उद्याचा पुरावा होईल. आपल्या आजीला आज विचारले नाही, तर पुढे नातवाजवळ राग तेवढा राहील, कागद राहणार नाही.

मराठी विकिपीडियावर सर्वांनी मिळून विचारविनिमय करण्याचे जे पान आहे, त्याचे नाव ‘चावडी’ असे आहे. चावडी म्हटल्यावर आपल्या वडीलधाऱ्यांना काय आठवते ते मी सांगावयास नको. हाक आल्यावाचून ते तेथे गेले नाहीत, आणि गेले तेव्हा पायरीखाली उभे राहिले. या चावडीला पायरी नाही. तेथे बसण्यास कोणाची परवानगी लागत नाही. परंतु तेथे बसून आरडाओरडा करणारा माणूस आपली जागा आपणच घालवितो, आणि कागद पुढे ठेवून शांतपणे बोलणाऱ्याला उठविणे अवघड जाते. आपण तेथे जावे, कागद घेऊन जावे, आणि पहिल्या खोडण्याने परत फिरू नये, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.