गटाच्या संगणकाचं कुलूप

दर वेळी आपण बचत, कर्ज, परतफेड याबद्दल बोलतो. आज त्या सगळ्याचा हिशेब ज्या यंत्रात जाऊन बसलाय, त्या संगणकाबद्दल बोलू.

संगणकाचं नाव काढलं की आपल्या बायका कुरकुरतात, आणि त्यांचं चुकीचं नाही. बँकेत प्रस्ताव द्यायचा असतो, नेमकी त्याच सकाळी स्क्रीनवर 'अपडेट चालू आहे, संगणक बंद करू नका' अशी सूचना येते आणि ते चक्र अर्धा-पाऊण तास फिरत बसतं. जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेला ठराव दुसरीकडे उघडला की मराठीच्या जागी भलत्याच अक्षरांची खिचडी दिसते. झेरॉक्सच्या दुकानातून पेनड्राईव्ह परत आला की आतले फोल्डर गायब आणि त्यांच्या जागी नुसते बाणाच्या खुणेचे शॉर्टकट. मग वैतागून आपण काय करतो? समोर येईल ती सूचना 'नंतर' म्हणून बंद करतो. त्या 'नंतर'बद्दलच मला आज बोलायचंय.

संगणक ज्याच्यावर चालतो त्या मूळ प्रणालीला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. आपल्याकडे ती बहुतेक ठिकाणी विंडोज असते. ही प्रणाली म्हणजे घराची दारं-खिडक्या समजा. कितीही चांगल्या सुताराने केली तरी कुठेतरी फट राहतेच. ती फट सापडली की कंपनी दुरुस्ती पाठवते, तेच अपडेट. पण प्रत्येक विंडोजला मुदत असते. विंडोज सातची दुरुस्ती १४ जानेवारी २०२० ला थांबली. विंडोज दहाची नेहमीची दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. मुदत संपली म्हणून संगणक बंद पडत नाही. तो कालच्यासारखाच चालतो, म्हणून आपल्याला काही कळत नाही. पण नव्या विंडोजसाठी दुरुस्ती जाहीर झाली की चोरांनाही समजतं, फट कुठे होती. तीच फट जुन्या संगणकात तशीच उघडी असते.

यावर एक प्रश्न हमखास येतो. "अगं, आमच्या गटाच्या संगणकात कोण काय चोरणार? आहेत किती पैसे?"

याचं उत्तर द्यायला लांब जायला नको, आपल्या रायगड जिल्ह्यातच घडलेली गोष्ट आहे. आपल्या हायवेवरून रोज कंटेनरचे ट्रेलर जातात, त्यातले कितीतरी उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदरात, म्हणजे जेएनपीटीला जातात. जून २०१७ च्या अखेरीस त्या बंदरातल्या एका टर्मिनलचे संगणक बंद पडले. संगणकांशिवाय कुठला कंटेनर कुणाचा हेच कळेना. काम हाताने करायची वेळ आली.

हे टर्मिनल मर्स्क या डेन्मार्कच्या जहाज कंपनीच्या समूहाचं. तिच्यावर २७ जूनला 'नॉटपेट्या' नावाचा व्हायरस आला होता. गंमत अशी, की हा व्हायरस ना रायगडसाठी बनवला होता, ना मर्स्कसाठी. तो सोडला होता युक्रेन देशावर. तिथे हिशेबासाठी वापरलं जाणारं एक सॉफ्टवेअर होतं, त्याच्या अपडेटमध्ये तो लपवला होता. तिथून एका संगणकातून दुसऱ्यात, एका देशातून दुसऱ्यात पसरत तो न्हावा-शेव्यापर्यंत आला. वणवा लागला की तो कुणाचं शेत आहे ते विचारत नाही, तसंच हे. 'आमच्याकडे काय आहे' हा प्रश्न व्हायरसला पडतच नाही.

तो पसरला कसा, ते नीट ऐका, कारण त्यातच आपल्या कामाच्या तीन गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट. विंडोजमधली ज्या फटीतून तो शिरला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्ट कंपनीने मार्च २०१७ मध्येच दिली होती, म्हणजे तीन महिने आधी. ज्यांनी ती बसवली नव्हती, त्यांचं दार उघडं होतं. म्हणून अपडेट टाळायचं नाही, त्याची वेळ आपण ठरवायची. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'अॅक्टिव्ह अवर्स' म्हणून सोय आहे. त्यात आपल्या कामाच्या वेळा भरल्या की त्या वेळेत संगणक आपणहून बंद-चालू होत नाही. महिन्याच्या बैठकीच्या आदल्या दिवशी दुपारी संगणक चालू ठेवून अपडेट उरकून घ्यायचं. मग प्रस्तावाच्या दिवशी खोळंबा नाही.

दुसरी गोष्ट. हा व्हायरस एका संगणकात शिरला की तिथले पासवर्ड उचलायचा आणि त्याच चाव्यांनी पुढचे संगणक उघडायचा. त्यामुळे दुरुस्ती केलेले संगणकही वाचले नाहीत. आपल्याकडे काय असतं? एकच लॉगिन, तेही सगळे अधिकार असलेलं, आणि पासवर्डची चिठ्ठी स्क्रीनला चिकटवलेली. त्यावरच हिशेब, त्यावरच मुलांचे गेम, त्यावरच कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका. गटाच्या चेकवर आपण एकीची सही चालवून घेत नाही ना? मग इथेही तसंच करा. अधिकाराचं लॉगिन वेगळं आणि त्याचा पासवर्ड फक्त ठरलेल्या दोघींकडे. रोजच्या कामाला साधं लॉगिन. एवढ्याने नको ते सॉफ्टवेअर आपल्या नकळत बसणं पुष्कळ कमी होतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मर्स्कला दहा दिवसांत ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभे करावे लागले, असं कंपनीच्या अध्यक्षांनीच पुढे जाहीरपणे सांगितलं. पण ते उभे करायला लागणारी मुख्य माहितीच जगभरातल्या त्यांच्या सर्व्हरवरून पुसली गेली होती. ती सापडली फक्त आफ्रिकेतल्या घाना देशातल्या ऑफिसात. का? तर हल्ल्याच्या वेळी तिथली लाईट गेली होती! तो सर्व्हर जाळ्यापासून तुटलेला होता, म्हणून वाचला. आपण एरवी लाईट गेली की वीज मंडळाच्या नावाने बोटं मोडतो. त्या दिवशी गेलेल्या लाईटने एवढी मोठी कंपनी तारली. म्हणून हिशेबाची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा वेगळ्या पेनड्राईव्हवर घ्यायची, आणि घेतल्यावर तो काढून कपाटात ठेवायचा. संगणकाला लावूनच ठेवला तर जे संगणकाचं होईल तेच त्याचं. हा पेनड्राईव्ह झेरॉक्सच्या दुकानात न्यायचा नाही.

कुणी म्हणेल, तो व्हायरस तर अपडेटमधूनच आला होता, मग अपडेट हवंच कशाला? खरं आहे, अपडेटही कधी दगा देतं. १९ जुलै २०२४ ला एका सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या स्क्रीनवर अडकले होते. आपल्या देशात विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून दिले गेले. पण एखाद दिवशी कुलूप अडकलं म्हणून आपण दार कायमचं उघडं टाकत नाही. दुरुस्ती करायची आणि प्रतही ठेवायची. एकीने दगा दिला तर दुसरी हाताशी असते.

आता जुन्या संगणकाचं काय? आधी त्यात काय आहे ते बघा. सेटिंग्जमध्ये सिस्टीम आणि मग अबाउट, तिथे विंडोज कितवी ते लिहिलेलं असतं. विंडोज दहा असेल, तर घरगुती वापरकर्त्यांसाठी कंपनीने नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या घेण्याची सोय ठेवली. संगणक बऱ्यापैकी नवा असेल, तर विंडोज अकरा मोफत बसते. खूप जुना असेल, तर लिनक्स ही मोफत प्रणाली आहे. आपल्या सरकारच्या सी-डॅक संस्थेने त्यावरच 'बॉस' नावाची प्रणाली बनवली आहे आणि केरळमधल्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं लिनक्सवर चालतात. मात्र आपला प्रिंटर आणि आपलं हिशेबाचं सॉफ्टवेअर त्यावर चालतं का, हे आधी तपासा. आणि दोनशे-तीनशे रुपयांत कुणी 'क्रॅक' केलेली विंडोज टाकून देतो म्हणाला, तर नको म्हणा. कुलूप तोडून आत शिरणाऱ्याकडूनच कुलूप बसवून घेण्यासारखं आहे ते.

आणखी एक. स्क्रीनवर कर्कश आवाज होऊन 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा' असं आलं, तर फोन करू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर नसतो. समोरचा सांगेल म्हणून दुसऱ्याला संगणक चालवू देणारं अॅप घेऊ नका. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर तक्रार करा.

मैत्रिणींनो, पंचसूत्रीतलं शेवटचं सूत्र आपल्याला पाठ आहे, हिशेब नियमित आणि चोख ठेवणं. वही होती तेव्हा ती पेटीत असायची आणि बैठकीत मोठ्याने वाचली जायची. अंगठा लावणाऱ्या आजीलाही आपली शिल्लक कानाने कळायची. आता तिच्या आधार कार्डाची प्रत, पासबुकाचं पान, कर्जाचे हप्ते सगळं त्या डब्यात आहे आणि तिला तो उघडून बघता येत नाही. ती आपल्या भरवशावर आहे.

म्हणून पुढच्या बैठकीत एक विषय घ्या. संगणकाचे अपडेट कोण बघणार, पासवर्ड कोणत्या दोघींकडे राहणार, प्रत कोणत्या तारखेला घेणार आणि कुणाच्या कपाटात ठेवणार. चार नावं, एक तारीख. ठराव वहीत लिहा, खाली सह्या करा. पेनड्राईव्हचा खर्चही त्यातच मंजूर करून टाका. आणि दर बैठकीत शिल्लक वाचून झाली की एवढं विचारा, "प्रत घेतली का गं?"