मनोरुग्णालयात डॉक्टरांशिवाय कोण असतं?



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. तरी आज मनोरुग्णालयाबद्दल बोलणार आहे, कारण माझे मामू तिथे होते.

मामूंना आवाज ऐकू यायचे. पहिली दोन वर्षं ताईत आणि दम केलेलं पाणी यांतच गेली. शेवटी त्यांना नाशिकबाहेर दाखल केलं. राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. नाशिकला नाही.

मला वाटायचं, डॉक्टर गोळ्या देतील आणि मामू बरे होतील. तिथे गेल्यावर कळलं, एकाच पेशंटकडे अनेक जण वेगवेगळ्या बाजूंनी बघतात. मानसोपचारतज्ज्ञ एमबीबीएसनंतर हा विषय शिकलेले असतात. निदान आणि औषधं त्यांच्याकडे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध लिहून देत नाहीत. ते चाचण्या घेतात, संवादातून उपचार करतात. सिस्टर आणि ब्रदर रात्रंदिवस वॉर्डात असतात. गोळी खरंच गिळली का, झोप लागली का, हे आधी त्यांना कळतं. व्यवसायोपचार विभागात पेशंटच्या हाताला काम मिळतं आणि दिवसाला वेळापत्रक. आणि सायकियाट्रिक सोशल वर्कर घराकडे बघतात : खर्च कोण करतं, भांडणं कशावरून होतात, परतल्यावर कोण सांभाळेल.

मामू सुधारले. डॉक्टर म्हणाले, घरी न्या. आम्ही मात्र 'पुढच्या महिन्यात' म्हणत राहिलो. मग सोशल वर्कर मॅडमनी अम्मीला समोर बसवून विचारलं, "तुम्हाला भीती नेमकी कशाची वाटते?" अम्मी रडली. माझ्या बहिणीचं लग्न जुळत होतं. मुलाकडच्यांना मामू दिसू नयेत, एवढंच कारण होतं. ते मलाही माहीत होतं आणि मी गप्प होतो. त्या आजारावर गोळी नव्हती.

मॅडमनी आम्हाला ओरडल्या नाहीत. औषधाच्या वेळा, त्रास पुन्हा सुरू होण्याची लक्षणं, तपासणीची तारीख, सगळं कागदावर लिहून दिलं. मामू घरी आले. बहिणीचं लग्नही झालं, मामूंच्या हजेरीत.

नंतर मी 2017 चा मानसिक आरोग्य कायदा वाचला. घरचे नेत नाहीत, एवढ्याच कारणावरून कुणालाही रुग्णालयात ठेवून घेता येत नाही. समाजात राहणं हा त्या माणसाचा हक्क आहे. आम्ही तो हक्क अडवून धरला होता.

म्हणून दोन गोष्टी सांगतो. घरात कुणाला त्रास असेल तर सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात जा, किंवा 14416 या टेली-मानस हेल्पलाइनवर फोन करा. तो मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो. दाखल करावं लागलं तर फक्त डॉक्टरांना भेटून परतू नका. सोशल वर्कर कोण आहेत, तेही विचारा.

आणि तुमच्यापैकी जे मानसशास्त्र, समाजकार्य किंवा नर्सिंग शिकत आहेत, त्यांनी या कामाचा जरूर विचार करावा. आमच्या अम्मीला तो प्रश्न तिच्याच बोलीत विचारणारं कुणी आणखी दोन वर्षं आधी भेटायला हवं होतं.